थिअरी की कोडिंग? फॅक्टोरियलला १३ टाकून बघ

तुझा मेसेज वाचला. कॉलेजात नुसती थिअरी, जर्नल आणि व्हायवा, बाहेर मुलं रिॲक्ट शिकून वेबसाइट बनवतायत, मग मी पण क्लास लावू का, असं विचारलंयस. जरा थांब. पहिल्या वर्षाला या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की दोन्ही कच्च्या राहतात, असं होताना मी बघत आलोय.

जर्नलमध्ये फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम असेलच. सगळे ५ टाकतात, १२० येतं, सर सही करतात, विषय संपला. तू आज तोच प्रोग्रॅम सी मध्ये, साधा ३२ बिटांचा इंट (३२ शून्य-एकांत पूर्णांक ठेवणारा प्रकार) घेऊन चालव आणि १२ टाक, ४७९००१६०० येईल, बरोबर आहे. मग १३ टाक. बहुतेक १९३२०५३५०४ येईल. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडा निगेटिव्हसुद्धा नाही, आणि तरी साफ चूक, कारण खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे! आता लगेच, त्याच बैठकीत, नंबर सिस्टिमचा चॅप्टर उघड. इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतं, वरचे बिट गळून पडतात. खऱ्या उत्तरातून ४२९४९६७२९६ वजा कर, म्हणजे दोनाचा ३२ वा घात, बघ काय उरतं. लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर तिथे इंट १६ बिटांचा, त्यामुळे ८ लाच गडबड होते. पायथनमध्ये मात्र १३ ला उत्तर बरोबर येतं, तिथला इंटिजर लागेल तेवढा वाढतो.

आणि हे नुसतं व्हायवापुरतं नाहीये हं. बायनरी सर्च म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी मधोमध बघून अर्धी यादी सोडत शोधणं. जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला इंडेक्स (जागेचा क्रमांक) काढताना लो आणि हायची, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या इंडेक्सची, बेरीज करून दोनने भागलं होतं, ॲरे म्हणजे ती यादी खूपच मोठी असली की ती बेरीजच इंटमध्ये मावायची नाही. ते कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉकनेच २००६ मध्ये ही चूक जाहीरपणे मांडली, तोवर ती वर्षानुवर्षं तिथेच होती. बायनरी सर्चची थिअरी बरोबरच होती रे, पण मशीनमध्ये आकडा किती मावतो हा विचार सुटला.

म्हणून माझं सांगणं एवढंच की प्रोग्रॅम चालला म्हणून सोडू नकोस, तो मोडेपर्यंत इनपुट वाढवत जा आणि जिथे मोडला तिथलीच थिअरी वाच. पुढचा नंबर फिबोनाचीचा, म्हणजे जिथे प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते त्या मालिकेचा. रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावून, ४० वी संख्या काढ, फंक्शन ० आणि १ ला थांबत असेल तर त्याला ३३ कोटींहून जास्त कॉल जातात, काउंटर लावून स्वतः मोज. मग तेच साध्या लूपने कर. कॉम्प्लेक्सिटीचा (इनपुट वाढलं की काम किती वाढतं याचा) तास त्यानंतर ऐकलास तर सर फळ्यावर काय मांडतायत ते कळेल, नाहीतर नुसतं पाठ होतं.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, मात्र आत्ताच शिकून घे, त्याला क्लास लागत नाही, जर्नलचे सगळे प्रोग्रॅम त्यातच ठेव. रिॲक्टचं दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत बघू, तेव्हा डेटा स्ट्रक्चर झालेलं असेल. काउंटरचा आकडा किती आला ते कळव.