वाट्याला जर्मनी आला म्हणून हिरमुसू नकोस

तुझी तक्रार थोडक्यात अशी. आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या पेपरसाठी यंदा अभिरूप सुरक्षा परिषद, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची वर्गातली नक्कल, भरणार आहे, विषय २०११ चा लिबिया, आणि तुझ्या वाट्याला जर्मनी आलाय. ना नकाराधिकार, ना ठाम बाजू. शेवटी तो देश तटस्थच राहिला. त्यात तुला चारचौघांत बोलायचा संकोच. ‘या नाटकाचा करिअरला उपयोग काय?’ असं विचारतेस.

मला विचारशील तर वर्गातली सगळ्यात अवघड भूमिका तुझीच. लिबियातल्या नागरिकांच्या संरक्षणासाठीचा ठराव क्रमांक १९७३ हा १७ मार्च २०११ ला मंजूर झाला तेव्हा बाजूने १० मतं पडली, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, भारत, ब्राझील आणि जर्मनी तटस्थ राहिले. रशिया-चीनने नकाराधिकार का वापरला नाही, यावर सगळेच बोलतील. पण अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स हे जर्मनीचे मित्र. त्यांना न दुखावता ‘आमचं सैन्य येणार नाही’ हे सांगायचं कसं? ते कोडं तुझं.

भाषणाची धास्ती नको. अशा सत्रात खरी झटापट मसुद्यावर होते. या ठरावात ‘आवश्यक ते सर्व उपाय’ असे शब्द आहेत. वाचायला साधे, पण राजनयात त्यांचा अर्थ लष्करी बळ वापरायची मुभा. त्याच कलमात परकीय सैन्याचा ताबा कोणत्याही स्वरूपात चालणार नाही, असंही घातलंय. हा दुसरा तुकडा कोणाला गप्प करायला आला असेल, यावर डोकं लाव. मंजुरीला १५ पैकी ९ मतं लागतात, शिवाय पाच स्थायी सदस्यांपैकी कोणाचाही नकार नको. हे गणित वहीत मांडून मधल्या सुट्टीत दोघातिघांना गाठलंस, तर संकोची मुलीलाही सत्र फिरवता येतं.

इतिहासात झालं तसंच वर्गात व्हावं, असा हट्ट धरू नकोस. ठराव पडला तर पडू दे. मात्र तो का पडला, ही सत्रानंतरची चर्चा अजिबात बुडवू नकोस. टाळ्या झाल्या की मुलं पांगतात, आणि शिकण्यासारखं सगळं तिथेच राहून जातं.

आता नोकरीचं. सहभागाच्या प्रमाणपत्राला मी फारशी किंमत देत नाही, ती गठ्ठ्याने वाटली जातात. परराष्ट्र सेवा असो, आंतरराष्ट्रीय संस्था असो की धोरण-संशोधन, तिथे नेमका मसुदा लिहिता यावा लागतो आणि न पटणारी बाजूही नीट मांडता यावी लागते. तेव्हा जर्मनीची भूमिका एका पानात लिही, वाटाघाटीत काय बदललं ते लाल शाईने त्याच पानावर नोंदव आणि ते जपून ठेव. मुलाखतीत त्यातल्या एका शब्दाची गोष्ट सांगता आली तरी पुरे.

आणि हो, ब्राझील कोणाकडे आहे ते उद्याच विचारून घे.