मिटणारी यंत्रं : चिमुकले कॅमेरे, घडीचे चाकू

प्रश्न : मिनॉक्ससारखे चिमुकले फिल्म कॅमेरे आणि जुने घडीचे चाकू, दोन्ही जमवणारी माणसं बरीच भेटतात. आकर्षण नुसत्या लहान आकाराचं असतं का?

उत्तर : आकारापेक्षा मिटण्याच्या रीतीचं जास्त. वॉल्टर झॅप यांनी घडवलेला मिनॉक्स १९३८ मध्ये लातव्हियातल्या रीगामधून बाजारात आला. तो ओढला की लेन्स आणि व्ह्यूफाइंडर उघडे पडतात, ढकलला की झाकले जातात. याच ओढाढकलीत फिल्म सरकते आणि शटर ताणलं जातं. चाकूची धारही मुठीत जाते, आणि पाठीची एकच स्प्रिंग पातं उघडं असताना आणि मिटल्यावरही जागेवर धरते. दोन्ही वस्तू स्वतःचं म्यान स्वतःच होतात.

प्रश्न : मिनॉक्सचा ‘बी’ हा प्रकार घेतला. फोटो धूसर येतात आणि मधल्या काही फ्रेम कोऱ्याच निघतात. लेन्स गेली असेल?

उत्तर : लेन्सवर शेवटी संशय घ्या. निगेटिव्ह अवघी ८×११ मिमी. १६×२२ सेंमीचा प्रिंट काढायचा तर ती वीस पट वाढवावी लागते. ३५ मिमी फिल्मला त्याच प्रिंटसाठी पावणेसात पट पुरते. हाताची थरथर, धूळ, फिल्मचे कण, सगळंच त्या प्रमाणात मोठं होतं. म्हणून १०० किंवा त्याहून कमी आयएसओची (प्रकाशाला कमी संवेदनशील, बारीक कणांची) फिल्म घ्या, कोपर बरगड्यांना टेकवा आणि शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू शक्यतो नको.

उरलेला दोष अंतराच्या अंदाजाचा असतो. १५ मिमीच्या या लेन्सचं छिद्र एफ ३.५ वर पक्कं आहे, ते बारीक करून चूक झाकता येत नाही. अंतराची चकती चार मीटरच्या आसपास ठेवली तर साधारण दोन मीटरपासून अनंतापर्यंतचं लहान प्रिंटला पुरेसं स्पष्ट येतं. जवळच्या, म्हणजे २० ते ६० सेंमीवरच्या वस्तूंसाठी कॅमेऱ्याची मोजायची साखळी वापरा, तिच्यातले मणी त्यासाठीच आहेत. साखळी ताणून मोजा आणि मगच सोडा.

कोऱ्या फ्रेमचं कारण बहुधा बोटांचा चाळा. मिनॉक्सच्या जुन्या प्रकारांत फोटो काढला नाही तरी दर उघडमिटीला एक फ्रेम पुढे जाते. फिल्म नसताना हवा तेवढा खटका वाजवा, भरल्यावर नाही. १/२ सेकंदावर शटर अडखळत असेल तर आत तेल घट्ट झालंय. वरून नवं तेल सोडू नका, ते थेट शटरच्या पात्यावर पसरतं. लाइट मीटर (प्रकाश मोजणारा भाग) सेलेनियमचा आहे, बॅटरी लागत नाही. ऊन आणि सावली दोन्हींत दुसऱ्या मीटरशी ताडून पाहा. मेला असेल तर अंदाजाने चालवा.

प्रश्न : पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

उत्तर : कॅमेऱ्याआधी फिल्म आणि कॅसेट बघा. ११० नावाच्या कॅसेटबंद प्रकाराची (१९७२ पासूनची) फिल्म अजून नवी मिळते, नवशिक्याने तीच धरावी. मिनोल्टा १६ या चिमुकल्या कॅमेऱ्याला १६ मिमी फिल्म चालते, पण छिद्रं एका बाजूला असलेली किंवा बिनछिद्रांची सोयीची. दोन्ही बाजूंना छिद्रं असली तर मोठ्या फ्रेमच्या प्रकारांत ती चित्रात येतात. मिनॉक्सची फिल्म ९.२ मिमी रुंदीची. ३५ मिमी फिल्मच्या छिद्रांमधल्या पट्ट्यातून तिच्या दोन पट्ट्या निघतात, मात्र कापण्याचं साधन आणि पूर्ण अंधार हवा. रिकाम्या कॅसेट नसलेला कॅमेरा शोभेचाच.

प्रश्न : एका जुन्या चाकूचा गंज कितीही पुसला तरी परत येतो. मूठ पिवळसर, कासवाच्या पाठीसारखी नक्षीदार आहे.

उत्तर : मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची असणार. जुनं सेल्युलॉइड विघटित होताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. हवेतल्या दमटपणाशी त्यांचं आम्ल होतं आणि पातं, स्प्रिंग, पितळी पत्रे खायला लागतं. पितळावर हिरवट थर, मुठीला भेगा आणि कापरासारखा उग्र वास दिसला तर नक्की समजा. यावर इलाज नाही. चाकू लगेच वेगळा काढा, बंद डबीत नको, हवेशीर जागी ठेवा. एकाच पेटीतले बाकीचे चाकूही गंजतात. सेल्युलॉइड भडकन पेटतं, तेव्हा ज्योत लांब.

प्रश्न : पातं जड उघडतं, आणि जुन्या पात्याचा काळेपणा घासून काढावा का?

उत्तर : काळेपणा म्हणजे कार्बन पोलादाचा निळसर-करडा थर असेल तर राहू द्या, तो लाल गंजाला थोडा अडवतो. लाल गंज तेवढा तेल आणि अतिबारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वुलने काढा. बफिंग चाक तर नकोच, त्याने पात्यावरचा बनवणाऱ्याचा छाप पुसतो आणि चाकूचा इतिहास जातो.

जड सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब सोडा, दहाबारा वेळा उघडमीट करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा. तेल स्वच्छ येईपर्यंत हेच करा. खाद्यतेल चिकट होऊन सांधा पुन्हा अडवतं. हाडाच्या आणि लाकडाच्या मुठी पाण्यात बुडवू नका.

पातं सोडून देऊन ‘खट्’ असं मिटवण्याची सवय मोडा. पात्याच्या बुडाशी असलेली टोकदार उंची धारेला स्प्रिंगपासून दूर ठेवते, पण जोराने आपटलं की स्प्रिंग लवते आणि धार तिच्यावर आदळते. धारेवर त्या एकाच जागी बोथट ठिपका दिसला तर कारण हेच. ती उंची कधी कानसू नका. धार लावायला सपाट दगड पुरतो, दर बाजूला वीसेक अंशांचा कोन. ग्राइंडरवर टोक निळं पडलं, की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं.