हरित पट्ट्यात मोठा गृहप्रकल्प येत असेल, तर गावाने विरोध करून काही उपयोग होतो का?

होतो, पण चिकाटी लागते. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, म्हणून तिथलंच सांगते.

आमच्याकडे भांडण मुळात पाण्याचं होतं. 1988 च्या सुमारास सरकारने हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी केली. इमारती उठल्या आणि त्यांच्यासाठी बागायतीच्या विहिरींवरून टँकर भरून जाऊ लागले. केळी, पानवेली, फुलं, भाजी, सगळं त्याच विहिरींवर. समुद्र इतका जवळ, की उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती लढली ती यासाठी.

आमच्या वाड्यांमध्ये बावखल असतं, म्हणजे खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि शेजारची विहीर मे महिन्यातही गोडी राहते. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून आलेलं पाणीही समुद्राकडे जाताना खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनींत, आणि मिठागरांत पसरायचं. नकाशात ही सगळी मोकळी जागा दिसते, म्हणून भराव पडतो. जुलै 2018 मध्ये मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली, लोकल बंद पडल्या, वीज गेली. मग नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटीच्या तज्ज्ञांना अभ्यासाला बोलवलं. वाडीवाले हेच कधीपासून सांगत होते!

सगळं वाचलं नाही. नालासोपाऱ्याकडे बघितलं तर जीव तुटतो. तरीही पश्चिमेला आज ज्या वाड्या उभ्या आहेत, त्यामागे लोकांनी दिलेला लढा आहे. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली तेव्हा तिच्यात जायला नको म्हणून गावं रस्त्यावर उतरली, त्याच वर्षी या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष आमदार झाले आणि 2011 मध्ये 29 गावं वगळायचा निर्णय झाला. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं रखडलं.

तुम्ही मोर्च्याआधी विकास आराखडा बघा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींना 30 दिवस मिळतात. मंजूर आराखड्यातला झोन (जमिनीचा ठरवलेला वापर) राज्याच्या नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली बदलायचा असेल, तरी नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. या नोटिसा पेपरात कोपऱ्यात येतात, कुणीतरी रोज बघायला हवं. एकाच मजकुराची शंभर छापील पत्रं देऊ नका. सर्व्हे नंबर घाला, तिथला नाला कुठून कुठे जातो ते लिहा, पावसाळ्यातले फोटो जोडा. पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा. उद्या हायकोर्टात जायची वेळ आली तर हेच कागद कामाला येतात.

आणि गावात जो जमीन विकायला निघालाय, त्याला गद्दार म्हणू नका. हरित पट्ट्यातल्या जमिनीला भाव नाही, शेतीत भागत नाही, ही त्याची अडचण खरी आहे. त्याला बैठकीला बोलवा आणि मोबदल्याची मागणीही हरकतीत लिहा.