वाचकांचे प्रश्न : मोटारसायकल आणि रुग्णालयातली खाट

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मोटारसायकल आणि दवाखाना या एकाच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेत आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी अनेक वर्षे काम केले आणि ये-जा बहुतेक मोटारसायकलवरूनच केली. त्यामुळे ही उत्तरे मी डॉक्टर म्हणून आणि गाडी चालवणारा म्हणूनही देत आहे.

प्रश्न : आम्ही अमळनेरचे आठ-दहा मित्र अधूनमधून रविवारी मोटारसायकलने तोरणमाळला किंवा पाटणादेवीला जातो. २०२० साली रुग्णालयांवर इतका ताण होता की टाळेबंदी सैल झाल्यावरही आम्ही काही महिने असे फिरणे बंद ठेवले होते. आता साथ ओसरून वर्षे झाली, तरी आमच्यातला एक मित्र म्हणतो की निव्वळ हौसेसाठी गाडी काढणे म्हणजे रुग्णालयावर नसता भार टाकणे. त्याचे बरोबर आहे का?
(अमळनेर, जि. जळगाव)

उत्तर : तुमच्या मित्राची काळजी खरी आहे, फक्त तिचा रोख मला थोडा चुकलेला वाटतो. त्या काळात श्वास कोंडलेल्या रुग्णाला आणि अपघातात डोके फुटलेल्या रुग्णाला तेच भूलतज्ज्ञ, त्याच परिचारिका आणि तेच व्हेंटिलेटर लागत होते. ही वाटणी आजही तशीच आहे. साथीच्या दिवसांत ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली, एवढेच.

एका मोडलेल्या मांडीच्या हाडाला काय काय लागते, ते सांगतो. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले की बाहेर थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त मांडीच्या आतच साठू शकते. रक्तदानाची नेहमीची पिशवी ३५० मिलिलिटरची असते, म्हणजे ही तूट भरायला तीन-चार जणांचे दान लागते. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, स्त्रीला चार महिन्यांचे. हिशेब केला तर नेमाने रक्त देणाऱ्या एका माणसाचे वर्षभराचे दान एका पायात संपते. त्यानंतर हाडात सळई बसवण्याची शस्त्रक्रिया येते, आणि त्या दिवशी ज्या बाईची गर्भाशयाची किंवा ज्या म्हाताऱ्याची खुब्याची शस्त्रक्रिया ठरलेली असते, त्यांना पुढची तारीख मिळते. डोक्याला मार असेल तर मामला आणखी लांबतो. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी सहसा नसतो. रुग्णाला जळगाव, धुळे किंवा नाशिक गाठावे लागते. त्याला घेऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका निघाली की ती परत येईपर्यंत, त्याच टापूतल्या एखाद्या पाड्यावर कळा सुरू झालेल्या बाईला दुसरी गाडी लांबून मागवावी लागते. ही ओढाताण मी रात्रपाळीत वारंवार पाहिली आहे, आणि त्या बाईचा अपघाताशी काही संबंध नसतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट नसल्यामुळे दगावल्याची नोंद ५०,०२९ जणांची आहे, आणि त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

तरीही तुम्ही रविवारचे फिरणे बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे आलेले बहुतेक जखमी सहलीला निघालेले नव्हते. कोणी दिवस मावळताना शेतातून घरी येत होता, कोणी बाजाराच्या दिवशी ट्रिपल सीट बसून निघाला होता, कोणी लग्नाच्या पंगतीतून उठून, थोडी घेऊन, शेजारच्या गावी परतत होता. अपघात घरापासून दोन-चार किलोमीटरवर झालेला असे आणि हेल्मेट घरातल्या खुंटीला असे. म्हणून हौस की गरज, हा प्रश्न मी महत्त्वाचा मानत नाही. हौसेने पण दिवसाउजेडी, हेल्मेट, बूट आणि हातमोजे घालून जाणारा माणूस रुग्णालयाची काळजी घेतच असतो. दूध घालायला पाच मिनिटे उघड्या डोक्याने जाणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते, आणि तुमच्यापैकी प्रत्येक जण रविवार सोडून बाकीचे सहा दिवस कसा जातो, हे तुमच्या मित्राने आधी पाहावे.

जाताना मात्र काही गोष्टी सोडू नका. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळचा घाट लागतो. त्यातून अंधार पडायच्या आत खाली उतरता येईल अशा बेताने पहाटेच निघा. पावसाळ्यात तिथे दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असतात आणि वळणाआड ते दिसत नाहीत. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच तपासा, आणि नक्षी गुळगुळीत झालेल्या टायरवर घाटात जाऊ नका. गटात जो सर्वांत सावकाश चालवतो, त्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग असू द्या. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने जाताना वेग दीडपट होतो, पण आदळण्याचा जोर सव्वादोन पट होतो, आणि हाड मोडणे न मोडणे त्या जोरावर ठरते. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते; समोर बैल आडवा आला, हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सुचवतो. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, उन्हामुळे शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांची चणचण वाढते. रक्ताची पिशवी ३५ दिवस, काही द्रावणांत ४२ दिवस टिकते, त्यामुळे हिवाळ्यात भरपूर साठवून उन्हाळ्यात वापरता येत नाही. आठ-दहा जणांच्या गटाने एप्रिल-मे महिन्यांत थोड्या थोड्या जणांनी पाळीपाळीने रक्त दिले, तर तो आधार मोठा आहे. रक्त दिलेल्या दिवशी मात्र लांबची फेरी काढू नका.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. रोज स्कूटरने सात किलोमीटरवरच्या शाळेत जाते आणि सहा वर्षांचा मुलगा मागे बसतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हेल्मेटमध्ये जीव गुदमरतो. डोक्याला आणि तोंडाला सुती स्कार्फ गुंडाळला तर चालणार नाही का?
(रावेर, जि. जळगाव)

उत्तर : ताई, स्कार्फ उन्हापासून वाचवतो आणि उन्हापासून वाचणेही आपल्याकडे गरजेचे आहे, पण डांबरावर डोके आपटल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. आघात झाला की तो दबतो आणि कवटीपर्यंत पोहोचणारा जोर कमी करतो. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर असे आढळले की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. तो थर एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसत असले तरी बदलावे.

उकाड्यावर उपाय आहेत. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचे, हवेला झरोके असलेले हेल्मेट घ्या. आत डोक्याला पातळ सुती रुमाल ओला करून, घट्ट पिळून बांधा. जाड स्कार्फाचे वेढे नकोत, कारण मग हेल्मेट सैल बसते. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेलाच असावा. पट्टा मोकळा असलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला उडून जाते, आणि अशी हेल्मेटे रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांच्या हातात मी कितीतरी वेळा पाहिली आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे तुमच्या मुलालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. त्याला त्याच्या मापाचेच हेल्मेट घ्या. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेटबरोबर चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि एवढे लहान मूल मागे असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. आणखी एक : साडीचा पदर किंवा ओढणी निघण्यापूर्वी खोचून घ्या. मोटारसायकलवर मागे बसणार असाल तर साडी चाकात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी जागेवर आहे का, तेही पाहा. गाडी शोभिवंत दिसावी म्हणून तरुण मुले ती काढून टाकतात.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात रात्री कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकून एक मोटारसायकलवाला पडलेला मी पाहिला. पोलिसांचे झंझट मागे लागेल म्हणून मी आधी थांबलो नाही, पुढे जाऊन मन राहवेना म्हणून परत आलो. अशा वेळी जखमीला आपल्याच गाडीवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात न्यावे का?
(चोपडा, जि. जळगाव)

उत्तर : दादा, तुम्ही परत आलात, हे फार चांगले केलेत. कायद्याची भीती आता मनात ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीमुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही कोणी करू शकत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे.

दोघांच्या मध्ये बसवून मात्र नेऊ नका. मान किंवा पाठीचा मणका मोडला असेल तर तसे बसवल्याने मज्जारज्जूला इजा होते, आणि चालता येण्याजोगा माणूस कायमचा खाटेला खिळतो. १०८ ला फोन करा. गावाचे नाव, जवळचा फाटा किंवा किलोमीटरचा दगड सांगा. आपल्या गाडीचा दिवा लावून मागच्या वाहनांना सावध करा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी ठेवून दाबून धरा आणि कापड पुन्हा पुन्हा उचलून पाहू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे सगळे आधी तेच करतात, पण बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते उतरते, आणि शस्त्रक्रिया लागली तर भरलेल्या पोटी भूल देणे धोक्याचे होते.

तुमची स्वतःची ट्रॉली असेल तर तिच्या मागच्या फळीवर रेडियमच्या लाल पट्ट्या आजच लावा. खर्च अगदी थोडा आहे, आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर उभी ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसते ती बहुधा त्या पट्टीमुळेच.

प्रश्न : गाडी घसरून खरचटले की लोक थेट जिल्हा रुग्णालयात धावतात. किरकोळ माराला तिथे जावे का?
(शिरपूर, जि. धुळे)

उत्तर : साधे खरचटणे, उथळ जखम किंवा मुरगळा असेल तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ड्रेसिंग आणि धनुर्वाताचे इंजेक्शन तिथे मिळते, आणि मोठ्या रुग्णालयातली रांग तेवढी आखूड होते. पण क्षणभरही शुद्ध हरपली असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, कानानाकातून रक्त किंवा पाणी येत असेल, बोलणे अडखळत असेल, गुंगी वाढत असेल किंवा पोट कडक होऊन दुखत असेल, तर वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठा. डोक्याला मार लागून तपासणीनंतर घरी सोडलेल्या माणसाजवळ पुढचे चोवीस तास कोणीतरी थांबावे, आणि त्या काळात त्याने गाडी चालवू नये.