पदक हातात आलं की आधी कड वाचा
१८५७-५८ चं ‘इंडियन म्युटिनी’ पदक घेताना व्हिक्टोरिया राणीचा चेहरा नंतर बघा, आधी भिंगाखाली कड धरा. पदक मिळालेल्या सैनिकाचं अधिकृत नाव तिथे ठशांनी, मोठ्या रोमन अक्षरांत ठोकलेलं असतं. ते कोरलेलं दिसलं तर थबका. क्रिमिया युद्धाच्या पदकाला मात्र हा नियम लावू नका, त्यातली बरीच बिननावाचीच वाटली गेली आणि नाव मागाहून कोरून घेतलं गेलं. जुनं नाव घासून नवं घातलं असेल तर व्यास घटतो: ३६ मिमी हवा, कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा. पदकावरची ‘सेंट्रल इंडिया’ मोहिमेची पट्टी (क्लास्प) नंतरही जोडलेली असू शकते; ती धरणारे रिव्हेट (खिळे) तपासा, नाव लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या डब्ल्यूओ १०० या वॉर ऑफिसच्या पदकधारकांच्या यादीशी ताडा. आणि कृपा करून पॉलिश लावू नका, कडेवरची अक्षरंच झिजतात.