फ्रोझन पराठे आणि ट्रेमधल्या तयार भाज्या घरच्यासारख्या लागाव्यात म्हणून काय करता येईल? मायक्रोवेव्ह कोणता घ्यावा?

मायक्रोवेव्हचा विचार आधी डोक्यातून काढा. फ्रोझन भाजीचं निम्मं वाटोळं त्या पेटीत होतं आणि ते मी वडिलांच्या कवळीवर प्रयोग करून शिकलोय.

दोन वर्षांपूर्वी अण्णा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला आले. नेमकं तेव्हाच बायकोचं काम शिकागोला लागलं. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत. घरी उरलो मी, अण्णा आणि ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून आणून गच्च भरलेला फ्रीझर. पहिल्याच सोमवारी पालक पनीरचा ट्रे काढला आणि पाकिटावर छापलेली ४ मिनिटं इमानेइतबारे फिरवला. कडेचा पालक फटाफट उडत होता, आतून काचेवर हिरवे शिंतोडे. अण्णांनी मधोमध चमचा घातला, घास घेतला आणि कर्र्कन आवाज आला. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पनीर ठीक आहे रे, पण ही बर्फी कशाला घातलीस?"

कारण साधं आहे. मायक्रोवेव्हच्या लहरी पाणी भराभर शोषतं, बर्फ जवळजवळ नाही. म्हणजे जिथे आधी वितळलं तिथेच आणखी तापत राहतं, आणि मधला गोळा जागचा हलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कढई. ट्रे मिनिटभर गरम पाण्यात धरायचा की गोळा सुटून येतो. जाड बुडाच्या कढईत तो टाकायचा, चार चमचे पाणी, वर झाकण, गॅस बारीक. सैल झाला की पनीरचे तुकडे वेचून काढायचे आणि मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवायचे, नाहीतर खोडरबर खाल्ल्यासारखं होतं. आणि मग खरी गोष्ट: वरून फोडणी. कारखान्यात घातलेल्या फोडणीचा वास तुमच्या ताटापर्यंत टिकत नाही, चव पांचट लागते ती त्यामुळे. तेल, मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, एक सुकी मिरची, आणि ती चुर्र करून भाजीवर ओतली की लगेच झाकण. डाळ असेल तर चिमूटभर गोडा मसाला आणि आमसूल. लसूण तांबूस व्हायला लागला की आमच्याकडे स्मोक अलार्म कोकलायचा. म्हणून अण्णा आधीच पंचा घेऊन त्याच्याखाली उभे राहायचे आणि वारा घालायचे. ऐंशीव्या वर्षी त्यांना स्वयंपाकघरात मिळालेलं हे पहिलंच काम, आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही.

हे सगळं छान चाललं होतं. भाऊबीजेला ताईने डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल लावला, फोनलाच ओवाळलं, आणि माझ्या मागे उघडा फ्रीझर दिसला. "अण्णांना एवढ्या लांब नेऊन शिळं घालतोयस?" निरांजन अजून हातातच होतं. सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसलो, ते आज बोलतो.

ही माझी ताई दर जानेवारीत पाच किलो मटार सोलते आणि पिशव्या भरून फ्रीझरमध्ये कोंबते. ते जूनमध्ये उसळीला निघतात, तेव्हा ते शिळे नसतात. माझे मात्र शिळे! कारखान्यात मटार आधी उकळत्या पाण्यातून काढतात, म्हणजे चव आणि रंग बिघडवणारी आतली रसायनं थंडावतात. मग कडक गार वाऱ्याच्या झोतात दाणा दाणा सुटा गोठवतात. भराभर गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या फ्रीझरमध्ये अख्खी पिशवी रात्रभर रेंगाळत गोठते, कण मोठे होतात, दाण्याची आतली वीण फाडतात, म्हणून तिचे मटार शिजल्यावर सुरकुततात. फ्रोझन अन्नाचा धंदा उभा करणाऱ्या अमेरिकन क्लॅरेन्स बर्डसायला हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या थंडीत झटकन गोठणारे मासे पाहून कळलं. ताईला अजून कळायचंय. निदान उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं तरी घाल, हे मी तिला तीनदा सांगितलंय.

पराठ्यांचं राहिलंच. ते वितळू द्यायचे नाहीत. फ्रीझरमधून थेट तापलेल्या तव्यावर, आधी कोरडा, डाग पडले की तूप, उतरवल्यावर दोन्ही तळव्यांत धरून चुरगाळायचा, पदर सुटतात. बाहेर ठेवलात तर प्लॅस्टिकला चिकटून पोतेरं होतं. ट्रेमधला भात फेकून द्या, कुकर लावायला वेळ किती लागतो? बटाट्याच्या भाज्या घेऊच नका, बटाटा रवाळ होऊन पाणी सोडतो. पुरणपोळी मात्र बरी निघते, मंद आचेवर झाकून.

हां, मीठ. या तयार भाज्यांत मीठ भरपूर असतं, अण्णांना बीपी आहे, त्यामुळे मी वरून मीठ कधीच घातलं नाही आणि भाजीत अर्धी वाटी उकडलेला साधा पालक किंवा दुधी ढकलायचो. रोज हेच खा असं मी म्हणत नाहीये, गुरुवारी बायको आली की ताजंच व्हायचं. आणि एकदा पूर्ण वितळलेलं परत गोठवू नका. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. दुकानात मटारचं पाकीट हलवून बघा. आत एकच ढेकूळ लागलं तर ते बहुधा वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलंय.

अण्णा परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. ताई आंघोळीला गेली होती म्हणून हळू आवाजात बोलत होते. "उसळीला फ्रीजचा वास येतोय रे," म्हणाले, "आणि हिच्याकडे तो अलार्मही नाही."

आमचा मायक्रोवेव्ह घराबरोबरच आलेला, आता चहा गरम करण्यापुरता आहे.