पोरगी फोनला हात लावू देईना

"मॅडम, पोरगी फोनला हात लावू देईना बघा. काहीतरी लपवायलीय. झोपेत तिचा अंगठा लावून उघडू का?"

या बाई सोलापुरात घरून कडक भाकरी अन् शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेतात, मुलगी अकरावीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) अंगठ्याचा हा प्रश्न मला नवा नाही, महिन्यातून एखादी आई विचारतेच.

मुलगी समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत नखं कुरतडत बसली. दुसऱ्या भेटीत म्हणाली, "माझा दहावीचा निकाल मलाच शेवटी कळला."

परीक्षेआधी आईनं हॉल तिकिटाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला होता, 'आशीर्वाद द्या' म्हणून. बोर्डाचा निकाल ऑनलाइन बघायला लागतो बैठक क्रमांक आणि आईचं नाव. क्रमांक ग्रुपवर होताच, आईचं नाव भावकीला पाठच. हिची साइट उघडेपर्यंत पुण्याच्या काकांनी गुणांचा स्क्रीनशॉट फिरवला. गणितात 41. कुणीतरी लगेच आतेभावाचे 92 आठवून दिले. "अन् आईनं खाली हात जोडलेले टाकले. जणू माझ्या वतीनं माफीच मागितली."

फोनला लॉक त्याच आठवड्यात लागलं.

आईला हे सांगितलं (मुलीला विचारूनच), तर म्हणाल्या, "सगळे घरचेच की ओ!" मी विचारलं, "तुमची उधारीची वही टाकाल का त्याच ग्रुपवर?" "छे! गिऱ्हाइकं काय म्हणतील?" आणि गप्प झाल्या. तो स्क्रीनशॉट आता काढताही येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत दोन-अडीच दिवसांची, तीही पाठवणाऱ्याच्या नाहीतर ग्रुप अ‍ॅडमिनच्या हातात. आणि लोकांच्या गॅलरीत उतरलेलं तिथंच राहतं.

अंगठा लावू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. एकदा पकडलं गेलं की मूल खऱ्या संकटातही तुमच्याकडे येत नाही. मात्र कुणी अनोळखी फोटो मागतोय, धमकावतोय, मूल जेवण-झोप सोडून धास्तावलंय असं दिसलं, तर थांबू नये. मुलाला समोर बसवून विचारावं. 1098 ही मुलांसाठीची आणि 1930 ही सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन आहे.

फोन अजून लॉकच आहे. संक्रांतीला गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेत) दोघींचा फोटो काढला, तेव्हा आईनं पहिल्यांदाच विचारलं, "स्टेटसला ठेवू का?"

"नको."

ठेवला नाही. पण बाईंना अजून चुटपुट आहे. साडी छान दिसत होती म्हणे.